मोठे टायर: जुनाच रेशो की नवा क्राउन-पिनियन?

२९ इंची टायर काढून ३३ इंची बसवले की ३.७३ चा अ‍ॅक्सल रेशो (चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा; तो अ‍ॅक्सलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरजोडीवर ठरतो) ३.२८ सारखा वागतो. तो तसाच ठेवला तर पैसे वाचतात, पणजी-मडगाव रस्त्यावर फारसं अडत नाही. पण चोर्ला घाटात तिसरा गिअर दम सोडतो, आणि वळणावर दुसऱ्यात हाफ क्लच धरला की जळका वास थेट नाकात. शिवाय काटा ६० वर असताना गाडी ६८ ने धावते!

४.१० चा क्राउन-पिनियन घातला की मूळ ओढ जवळपास परत येते. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या लाल चिखलासाठी मी ४.५६ च घेईन, हायवेवर इंजिन जास्त फिरलं तरी चालेल. फोर-बाय-फोरमध्ये मात्र पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलचा रेशो बदला, नाहीतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स) गेलीच.