इचिगाया अभ्याससहल : सभागृह पाहण्यासारखे, पुस्तिका सुधारण्यासारखी

माझे बालपण छत्रपती संभाजीनगरच्या छावणी परिसरात गेले आणि लष्कराच्या भिंतीपलीकडे काय असेल, हे कुतूहल तेव्हापासून मनात आहे. त्यामुळे आमच्या शहरातील एका सहल संस्थेच्या जपान दौऱ्यात तोक्योतील इचिगाया तळाची भेट असल्याचे कळताच मी नाव नोंदवले. दौऱ्यातील इतर स्थळे कोणत्याही पर्यटकाला सहज पाहता येतात. इचिगायासाठी मात्र आगाऊ नोंदणी लागते आणि संस्थेने ते काम चोख केले.

ही टेकडी पूर्वी ओवारी तोकुगावा घराण्याच्या निवासाची होती. १८७४ मध्ये येथे शाही लष्करी अकादमी आली, १९३७ मध्ये ती झामा येथे हलली आणि १९४१ पासून लष्कराचे मुख्यालय येथून चालू लागले. आज या परिसरात जपानचे संरक्षण मंत्रालय आहे. नव्या इमारतींसाठी जुनी वास्तू पाडताना तिचे सभागृह मात्र आवारातच दुसरीकडे पुन्हा उभारण्यात आले. लाकडी जमिनीच्या त्या सभागृहात आम्ही बराच वेळ थांबलो. ज्या छताखाली सम्राटासाठी खास व्यासपीठ होते, त्याच छताखाली १९४६ ते १९४८ या काळात माजी पंतप्रधान हिदेकी तोजो यांच्यासह २८ आरोपींवर युद्धगुन्ह्यांचा खटला चालला. शेवटी २५ जणांना शिक्षा झाली, त्यांपैकी सात जणांना फाशीची. निकालाचे वाचन १२ नोव्हेंबर १९४८ रोजी संपले, तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त होऊन दोन महिनेही झाले नव्हते. आमच्यासोबतच्या परभणीच्या एका निवृत्त शिक्षिकांनी ही आठवण काढली आणि ती जागा आम्हांला एकाएकी जवळची वाटू लागली.

वरच्या मजल्यावरील दालनाच्या दारावर तलवारीचे वार अजून दिसतात. २५ नोव्हेंबर १९७० रोजी साहित्यिक युकिओ मिशिमा यांनी तेथील सेनाधिकाऱ्याला ओलीस धरले होते, त्या दिवसाच्या या खुणा आहेत.

संस्थेने दिलेल्या मराठी पुस्तिकेबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. अकरा न्यायाधीशांपैकी राधाबिनोद पाल यांनी ‘जपानला निर्दोष ठरवले’, एवढेच एक वाक्य तीत आहे. पाल यांनी सर्व आरोपींना दोषमुक्त मानले हे खरे. पण जे कृत्य घडले तेव्हा कायद्याने गुन्हा नव्हते, त्यासाठी मागाहून शिक्षा देता येत नाही, हा त्यांच्या भिन्नमतपत्राचा एक मुख्य आधार होता. जपानी सैन्याने नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर केलेल्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, हे त्यांनी त्याच निकालपत्रात स्पष्टपणे नोंदवले आहे. एका भारतीय न्यायाधीशाचे मत भारतीय वाचकांनाच अर्धवट सांगणे मला अतिशय खटकले.

तरीही इतिहासाची आवड असलेल्यांनी ही सहल जरूर करावी. पासपोर्ट जवळ ठेवावा, चढ असल्याने पायांत सोयीचे बूट असावेत आणि पाल यांच्याविषयी निघण्यापूर्वीच वाचून घ्यावे. पुस्तिकेतील दुरुस्त्या मी संस्थेला लेखी कळवल्या आहेत.