जावातला 'व्हार': काही महिने वापरल्यानंतर

आमचा प्रोजेक्ट बरीच वर्षं जावा ८ वर अडकलेला होता. तो थेट १७ वर नेला तेव्हा 'व्हार' वापरायला मिळाला. व्हेरिएबलचा टाइप लिहायच्या जागी 'व्हार' लिहायचं, टाइप कंपायलर उजवीकडच्या व्हॅल्यूवरून ठरवतो. भाषेत तो २०१८ मध्ये, जावा १० पासूनच आहे.

तो कुठे चालतो हे लगेच कळतं. मेथडच्या आतली लोकल व्हेरिएबल्स, फॉर लूप, ट्राय-विथ-रिसोर्सेस. फील्ड, मेथडचं पॅरामीटर, रिटर्न टाइप इथे चालत नाही. उजवीकडे व्हॅल्यू हवीच. ती नुसती नल, लॅम्डा किंवा 'न्यू' न लिहिता महिरपी कंसात दिलेला अ‍ॅरे असेल तर कंपायलर अडवतो. टाइप कंपाइल होतानाच पक्का होतो, त्यामुळे जावास्क्रिप्टसारखा टाइप मधेच बदलण्याचा गोंधळ होईल ही टीममधल्या काहींची भीती फोल ठरली. मॅपच्या एंट्रींवरून फिरणारे लूप तर आता एका नजरेत वाचता येतात.

त्रास झाला तो आकड्यांचा. टोटल नावाचं लाँग व्हेरिएबल शून्यापासून सुरू होतं. रिफॅक्टरिंगमध्ये 'लाँग' जाऊन 'व्हार' आलं, शून्य तसंच राहिलं. झालं, टोटल आता इंट, म्हणजे लाँगपेक्षा लहान आकडेच मावणारा टाइप! पुढे त्यात लाँग रकमा अधिक-बरोबरने (+=) मिळवल्या तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही, कारण तो ऑपरेटर गुपचूप कास्ट करतो. बेरीज २१४ कोटींच्या पुढे गेली की भलताच आकडा, बहुधा उणे. साधी बेरीज करून पुन्हा असाइन केली असती तर निदान एरर तरी आला असता. शून्याला एल जोडला की काम भागतं, पण ते आठवायला हवं. म्हणून आकड्यांना मी 'व्हार' लावतच नाही.

दुसरी खोच डायमंडची, म्हणजे <> या कंसांची. उजवीकडे रिकामा डायमंड ठेवून अ‍ॅरेलिस्ट बनवली, तर ती ऑब्जेक्टची, म्हणजे कशाचीही, लिस्ट होते. हे निदान लवकर उघडकीला येतं.

उजवीकडे कन्स्ट्रक्टर असेल तर 'व्हार' छान. 'प्रोसेस' किंवा 'गेट डेटा' असल्या मेथडचा कॉल असेल तर मी रिव्ह्यूत टाइप लिहायला लावतो. आयडीई, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, टाइप दाखवतो हे खरं, पण ब्राउझरमध्ये डिफ (कोडमधले बदल) वाचताना तो सोबत नसतो.

जावा ११ पासून लॅम्डाच्या पॅरामीटरलाही 'व्हार' चालतो. तिथे अ‍ॅनोटेशन लावायचं असेल तरच मी तो लिहितो.