जुना मोडेम आणि स्क्रीनवर कचरा: वायर बदलावी की चूकदुरुस्ती चालू करावी?

सदाशिव पेठेतल्या मित्राने जुना डायल-अप मोडेम, म्हणजे फोनच्या लाइनवरून संगणक जोडणारी पेटी, पुन्हा लावलाय. पाऊस लागला की लाइन खरखरते आणि मजकुरात भलतीच अक्षरं उगवतात. वायर बदलू की व्ही.४२ (मोडेममध्येच असलेली चूकदुरुस्तीची पद्धत) चालू करू, हा त्याचा प्रश्न.

खर्च: चूकदुरुस्ती फुकट, मोडेमला एक आज्ञा दिली की झालं. वायर आणि नवा सॉकेट पासोड्या विठोबा मंदिराजवळच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्तात मिळतो, पण भिंतीवरून वायर ओढण्यात अर्धा दिवस जातो.

परिणाम: इथे नीट बघायला हवं. आस्की संकेतात, म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षर ०-१ च्या रांगेत लिहायच्या पद्धतीत, छोटा 'ए' (a) आणि छोटा 'क्यू' (q) यांत एकाच बिटाचा, म्हणजे एकाच ०-१ चा फरक आहे. खरखरीने तो बिट उलटला की अक्षर बदललंच. व्ही.४२ मध्ये माहिती तुकड्यांनी जाते, प्रत्येक तुकड्याला त्यातल्या माहितीवरून काढलेला तपासणी-संकेत असतो, आणि न जुळणारा तुकडा पुन्हा मागवला जातो. कचरा दिसत नाही, पण टाइप करताना अक्षरं अडखळतात. शिवाय समोरच्या मोडेमलाही ही सोय हवी. लाइन फारच वाईट असेल तर कॉलच तुटतो. वायर बदलल्याने खरखरच कमी होते, अर्थात दोष घरातल्या वायरीत असेल तरच.

म्हणून आधी फोन उचल, एक आकडा दाब आणि शांततेत कान दे. खरखर ऐकू आली तर सॉकेट उघड. तांब्यावर हिरवट थर दिसला तर वायर बदलच. लाइन बऱ्यापैकी स्वच्छ असून अधूनमधून एखादं अक्षर बिघडत असेल, किंवा घर भाड्याचं असेल, तर व्ही.४२ पुरेल.