नऊ महिने खाऱ्या वाऱ्यात: देवबागच्या बोटीवरच्या साउंड सिस्टिमचा अनुभव

आमची पर्यटकांची बोट देवबागला असते. २८ फुटी फायबर, मागे आउटबोर्ड मशीन, वर पाइपाच्या सांगाड्यावर ताडपत्रीचं छप्पर. कर्ली खाडीतून निघायचं, संगमावर जायचं, त्सुनामी आयलंडला थांबायचं आणि समुद्र शांत असला तर बाहेर डॉल्फिन दाखवून परतायचं. बाबा तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, मी मदतीला आणि हिशेबाला. गेल्या सप्टेंबरात हंगाम सुरू होताना नवीन साउंड सिस्टिम बसवली. आता जून उजाडला, बोट वर काढली आहे, आणि परवा सगळे स्पीकर खोलून आतून पाहिले. त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर निम्मं चुकीचं लिहिलं असतं.

आधी दोन प्रयोग झाले होते. पहिला, गाडीतून काढलेले जुने अंडाकृती स्पीकर. कागदी पडदा आणि कडेला फोमची पट्टी. संक्रांतीपर्यंत पडदा भिजून मऊ पडला आणि फोमचा भुगा हाताला लागायला लागला. दुसरा, चाकांचा मोठा ब्लूटूथ स्पीकर. तो चांगला वाजायचा, पण लाटेवर बोट कलली की घसरायचा. शिवाय मागे बसलेल्यांना गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की पुढे बसलेली लहान मुलं कानावर हात ठेवायची. खरा धडा इथेच होता, पण तेव्हा तो मला कळला नाही. मला वाटलं, वॉट कमी पडतायत.

वॉटबद्दल आधी लिहितो, कारण खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. रिसीव्हर, म्हणजे गाणी लावायचं मुख्य यंत्र, त्याच्या डब्यावर ‘४ × ५० वॉट’ छापलेलं असतं. मशीन चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. रिसीव्हरच्या आतला साधा अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) तेवढ्या व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला हिशेबाने फार तर २६ वॉट स्वच्छ देऊ शकतो, आणि आतली गळती धरली तर १८ ते २०. बाकीचा आकडा क्षणभराच्या उसळीचा असतो. म्हणून विकत घेताना फक्त आरएमएस वॉट, म्हणजे सतत देता येणारे वॉट, विचारा. दुकानदार तो सांगू शकला नाही तर तो डबा परत ठेवा.

पण आरएमएस वॉट मिळाले म्हणूनही काम होत नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. उलट, उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर अर्धं केलं की ६ डेसिबल मिळतात. म्हणजे स्पीकर माणसाच्या दुप्पट जवळ आणणं हे चौपट वॉट विकत घेतल्यासारखं आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. हे डोक्यात शिरल्यावर मी दोन मोठ्या स्पीकरचा बेत सोडला. साडेसहा इंची चार मरीन स्पीकर घेतले आणि ते छपराच्या पाइपांना, बसणाऱ्यांच्या डोक्यापासून हात-दीड हात अंतरावर, तोंड आत आणि थोडं खाली करून टांगले. आता कुणाच्याही कानावर आवाज आदळत नाही आणि सगळ्यांना सारखं ऐकू येतं. काठावरून बोट जाताना आवाज फारसा बाहेर पडत नाही, हेही महत्त्वाचं. पाण्यावर आवाज लांबवर जातो आणि खाडीच्या काठाला लोक राहतात.

मरीन स्पीकर म्हणजे फक्त पांढरा रंग नव्हे. पडदा पॉलिप्रॉपिलीनचा हवा, त्याची कड रबराची हवी आणि आयपी ६५ असा धूळ-पाण्यापासूनच्या बचावाचा शिक्का हवा. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याची धार सहन होते. बुडवल्यावरही टिकायला आयपी ६७ लागतं. छपराखाली टांगलेल्या स्पीकरला ते लागत नाही, त्यासाठी जादा पैसे देऊ नका. खारी हवा आणि ऊन यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या असतात. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी एएसटीएम बी ११७ या नावाने ओळखली जाते. डब्यावर ती लिहिलेली दिसली तर निदान कंपनीने त्या बाजूने विचार केलाय असं समजायला हरकत नाही. जाळीचं स्टेनलेस स्टील ३१६ प्रतीचं घ्या. माझ्या दोन स्पीकरचे स्क्रू ३०४ चे होते. डिसेंबरातच त्यांच्याभोवती तपकिरी ओघळ दिसायला लागले. ३१६ चे तसेच स्क्रू आजही लख्ख आहेत.

परदेशी यॉटवर फ्युजन, जेएल ऑडिओ ही नावं चालतात. दोन्ही आता गार्मिन कंपनीकडे आहेत, फ्युजन २०१४ पासून आणि जेएल ऑडिओ २०२३ पासून. माल उत्तम असणार, पण माझा प्रश्न साधा होता: एप्रिलच्या ऐन गर्दीत अ‍ॅम्प बंद पडला तर कुडाळ, कोल्हापूर किंवा फार तर मुंबईत तो दुरुस्त होणार का? म्हणून मी सुटे भाग जिथे मिळतील असाच संच घेतला. मांडववाल्यांकडे असतो तसा १२ व्होल्टवर चालणारा पीए अ‍ॅम्प आणि भोंगा हाही पर्याय होता. भोंगा थोड्या वॉटमध्ये प्रचंड वाजतो आणि बोलणं स्पष्ट पोहोचवतो. जेट्टीवर हाका मारायला तो चांगला, पण छपराखाली बसलेल्या माणसाला तो दोन मिनिटं सहन होत नाही.

आता वायर. स्पीकरपेक्षा मी हिच्याबद्दल जास्त कळकळीने सांगेन, कारण आमच्याकडे बंद पडलेल्या बहुतेक सिस्टिमचे स्पीकर धडधाकट असतात. मेलेली असते ती वायर. बाजारात तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. ओळखायची युक्ती सोपी आहे. एक तार घेऊन ब्लेडने खरवडा. बाहेर तांबूस आणि आत पांढरी निघाली तर ती मुलाम्याची. बोटीला हवी ती कल्हई केलेली तांब्याची वायर, तिचं बरोबर उलट: बाहेर चंदेरी, आत तांबडी. मुलाम्याची वायर खाऱ्या हवेत थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीच्या) तोंडाशी पांढरी पूड होऊन तुटते. साधं तांबं हिरवं पडतं आणि तो हिरवेपणा इन्सुलेशनच्या आतून वीतभर वर चढतो.

जाडीचा हिशेबही करा. माझी बॅटरी मागे आणि अ‍ॅम्प पुढच्या कप्प्यात, अंतर ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२. पूर्ण आवाजात अ‍ॅम्प २० अ‍ॅम्पिअरच्या आसपास ओढतो. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकली असती तर वाटेतच एक व्होल्ट गेला असता. १० चौरस मिलिमीटरच्या वायरीत अर्ध्या व्होल्टहून कमी जातो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभराच्या आत ३० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज घातला. हा फ्यूज अ‍ॅम्पसाठी नसून वायर पेटू नये म्हणून असतो, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. आणि पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात फ्यूज, स्विच, बॅटरीचा जोड यातलं काहीही ठेवू नका. तिथे एक ठिणगीही नको.

बसवताना जे चुकलं तेही सांगतो. काम गाड्यांच्या वायरमनकडून करून घेतलं. माणूस मेहनती, हात साफ, पण सवय गाडीची. गाडीत निगेटिव्ह कुठेही बॉडीला मारला की झालं. फायबरच्या बोटीला बॉडी नसते, प्रत्येक निगेटिव्ह बॅटरीपर्यंत परत न्यावा लागतो. त्याने रिसीव्हरचा निगेटिव्ह एका जुन्या लाइटच्या वायरीला जोडला आणि अ‍ॅम्पचा वेगळ्या वाटेने नेला. मशीन सुरू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, आणि रेस वाढवली की शिट्टीही चढायची. बाबांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, ‘‘बंद कर ता. माका माशिनचो आवाज ऐकाक येणा नाय.’’ आणि त्यांचं बरोबर होतं. मशीनचा आवाज बदलला की त्यांना आधी कळतं, मीटर नंतर दाखवतो. तांडेलाच्या कानात शिट्टी वाजत असेल तर ती सिस्टिम बोटीवर असता कामा नये.

मग सगळे निगेटिव्ह एका बसबारवर (अनेक वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीवर) आणले आणि तिथून एकच जाड वायर बॅटरीला नेली. रिसीव्हरकडून अ‍ॅम्पकडे जाणारी सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीला चिकटून गेली होती, ती दुसऱ्या बाजूने नेली. शिट्टी गेली. वायरलेस सेटचा त्रास मात्र राहिला. अ‍ॅम्प चालू केला की त्या व्हीएचएफ सेटवर खरखर यायची. हे क्लास डी अ‍ॅम्पमुळे होतं. तो वीज वाचवतो, फारसा तापत नाही, बोटीला तोच योग्य, पण आत फार वेगाने स्विचिंग चालतं आणि त्याचा त्रास रेडिओला होऊ शकतो. अ‍ॅम्प अँटेनापासून लांब नेला, वायरींवर फेराइटचे (असा त्रास शोषणारे) क्लिप चढवले, तेव्हा खरखर थांबली. नवीन सिस्टिम बसवली की गाणं लावून पाहायच्या आधी व्हीएचएफचा चॅनल १६ (मदतीच्या हाकेचा) लावून पाहा. होकायंत्र असेल तर स्पीकर त्याच्यापासून लांब ठेवा. स्पीकरच्या चुंबकाने सुई फिरते.

सबवूफर (फक्त बास वाजवणारा स्पीकर) घेतला होता, दहा इंची, बंद पेटीतला. जानेवारीत काढून टाकला. गाडीत काचा बंद असतात, त्या बंद जागेमुळे बास भरून येतो. उघड्या बोटीवर तो चहूबाजूंनी निघून जातो आणि राहते ती फक्त बाकाखालची थरथर. एका आजींनी जागा बदलून मागितली. शिवाय पेटी बोटीच्या तळाला ठोकलेली, म्हणजे तो हादरा फायबरमधून थेट पाण्यात जाणार. डॉल्फिन पाहायला नेणाऱ्या बोटीने हे करू नये असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे दिसणारे हम्पबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगत राहतात आणि एकमेकांशी आवाजाने संपर्क ठेवतात. आता बाहेर पडलो की संगीत बंद. मशीनही मंद ठेवतो. पर्यटकांना कारण सांगितलं की कुणीही तक्रार करत नाही, उलट बोटीवर शांतता पसरते आणि डॉल्फिनने श्वास सोडल्याचा फुस्स आवाज ऐकू येतो. तो कुठल्याही गाण्यापेक्षा त्यांना जास्त आवडतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगी पडलेली वस्तू सर्वांत स्वस्त निघाली: वायरचा साधा डायनॅमिक माइक. लहान प्रीअ‍ॅम्पमधून तो रिसीव्हरच्या ऑक्सला (बाहेरून आवाज आत घ्यायच्या खाचेला) जोडला. ऑक्स निवडलं की गाणं आपोआप बंद होतं. सुरुवातीला मला ही अडचण वाटली, आता तीच सोय वाटते. ‘लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट करा’, ‘सगळे डाव्या बाजूला जाऊ नका’ हे गाण्याच्या वर ओरडून सांगितलं तर अर्ध्यांना कळतं. गाणं थांबलं की सगळे मान वर करतात. माइकवर जाड फोम हवाच, नाहीतर वाऱ्याचीच घरघर ऐकू येते. वायरलेस माइक घेतला नाही, कारण सेल नेमका बोट भरलेली असताना संपतो.

बॅटरी वेगळी घेतली, १०० अ‍ॅम्पिअर-तासांची डीप सायकल (हळूहळू बरीच वापरता येणारी), मशीन सुरू करायच्या बॅटरीपासून स्वतंत्र. मध्ये दोन्ही वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर. आयलंडला मशीन बंद करून चार तास थांबलो तरी सरासरी ४ अ‍ॅम्पिअरने १६ अ‍ॅम्पिअर-तास जातात. हा आकडा क्लॅम्प मीटरने मोजलेला आहे. गाण्यांपायी मशीन सुरू न होणं ही वेळ कुणावर येऊ नये.

खर्च: चार स्पीकर १४,०००, रिसीव्हर ९,०००, अ‍ॅम्प १२,०००, बॅटरी १२,०००, वायर-फ्यूज-बसबार-ग्लँड मिळून ८,५००. एकूण ५५,५००. सबवूफरचे ९,००० वेगळे, ते गेले.

परवा खोलल्यावर काय दिसलं? चारही पडदे ठीक, रबराला भेग नाही. काळ्या जाळ्या उन्हात इतक्या तापायच्या की हात लागत नव्हता, पुढच्या वेळी पांढऱ्या घेईन. तीन स्पीकरच्या मागचे जोड स्वच्छ आहेत. तिथे वायर आधी खाली झोका देऊन मग वर नेली होती, त्यामुळे पाणी झोक्याच्या तळातून गळून जातं. चौथ्याला, नाळेकडच्या (बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या) डाव्या, वायर वरून सरळ उतरवली होती. त्याचं एक टर्मिनल हिरवं झालंय आणि थिंबल हाताने ओढल्यावर निघून आलं. नऊ महिन्यांत झालेलं नुकसान एवढंच. स्पीकर रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसत होतो. पाइपची जोराची धार कधी मारली नाही.

अ‍ॅम्प आणि रिसीव्हर घरी आणून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद केलेत. स्पीकर बोटीवरच आहेत, सुती कापडात. प्लास्टिकमध्ये गुंडाळले तर आतल्या आत घाम धरतात. नारळी पौर्णिमेनंतर चौथ्याची वायर झोका देऊन नव्याने ओढायची आहे, आणि बाबांच्या सुकाणूजवळच्या स्पीकरला वेगळा स्विच बसवायचा आहे. तो त्यांनी मागितलाय.