वही, गप्पा, तारे की चिठ्ठी? मुलांना पुस्तकावर बोलतं करायचं तर

मूल पुस्तक मिटतं, आपण विचारतो, "कसं होतं?" उत्तर येतं, "छान." पुढे काही नाही. वर्गात वाचनाचा तास घेणारे शिक्षक असोत, मुलांचा वाचनगट चालवणारं कुणी असो, की आपल्याच घरातल्या दोन पोरांना वाचायला बसवणारे आईबाबा, सगळ्यांची गाडी या 'छान'पाशी येऊन अडते. मग वाटतं, काहीतरी पद्धत लावू या. अभिप्रायाची वही घालू, दर आठवड्याला गोल करून बसू, नाहीतर पाचपैकी किती तारे ते विचारून मोकळे होऊ.

हे तिन्ही मी मुलांच्या एका छोट्या वाचनगटात करून पाहिलंय. चौथा प्रकार आपोआप सापडला. मुलाचं खरं मत यातल्या कशातून कळतं, हे ठरतं मूल ते मत कुणाला सांगतंय यावर, असं मला आता वाटतं.

वही

वही सगळ्यात सोपी वाटते आणि मोठ्यांना आवडतेही, कारण हातात काहीतरी राहतं. पहिल्या महिन्यात माझ्याकडे आलेला नमुना असा: "मला हे पुस्तक खूप आवडले. या पुस्तकातून आपल्याला बोध मिळतो की खोटे बोलू नये. चित्रे सुंदर आहेत. सर्वांनी हे पुस्तक जरूर वाचावे." थोड्याफार फरकाने सात वह्यांत हेच. गंमत अशी की त्या गोष्टीतला मुलगा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत धडधडीत खोटं बोलतो आणि मजेत राहतो. पुस्तक सगळ्यांनी वाचलं होतं, खिदळतही होती. पण वही समोर आली की बोध काढायचा असतो, हे त्यांना कुणी न सांगताच ठाऊक होतं.

एक खूण सांगते. बोलताना मूल 'आवडलं' म्हणतं, वहीत 'आवडले' लिहितं. अनुस्वार जाऊन मात्रा आली की समजावं, मूल परीक्षेला बसलंय.

तरी वही टाकाऊ नाही. चारचौघांत तोंड न उघडणारी मुलं वहीत मोकळी होतात. आणि दोन वर्षं वही चालली तर मूल स्वतःच मागची पानं चाळून "शी, हे मला आवडायचं?" म्हणतं, ते ऐकण्यासारखं असतं. पण वहीचा खर्च वाचनावर पडतो. वाचायला आवडतं पण लिहायचा कंटाळा, अशी मुलं हळूहळू बारीक पुस्तकं उचलू लागतात, कारण जाड पुस्तकावर जास्त लिहावं लागेल अशी धास्ती असते. त्यात कुणी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं की संपलंच.

गप्पा

इथे थोडं थांबते, कारण माझा कल इकडे आहे.

ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांनी मुलांशी पुस्तकांबद्दल कसं बोलावं यावर १९९३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांचे मूळ प्रश्न चारच: काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कोड्यात टाकून गेलं, आणि कुठे काही जुळताना किंवा पुन्हा पुन्हा येताना दिसलं का. शिवाय 'का?' हा प्रश्न शक्यतो टाळावा, त्याऐवजी 'सांग ना' म्हणावं, असा त्यांचा आग्रह. करून पाहिल्यावर पटतं. 'का आवडलं?' म्हटलं की मुलाला उलटतपासणी वाटते आणि ते पुन्हा बोधाकडे वळतं.

चारांतला तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. 'काय आवडलं?'ला दोन मिनिटांत उत्तरं संपतात. 'काय कळलं नाही?' म्हटल्यावर एकदा नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "आजी दाराला कुलूप लावून गेली ना? मग मांजर आत कशी आली?" सगळे पुस्तकावर वाकले. कुणी म्हणालं, लेखक विसरला असेल. कुणी म्हणालं, दुसरी मांजर असेल, हिच्या शेपटीला पांढरं टोक नाहीये. शेवटी अकराव्या पानावरच्या चित्रात मागची खिडकी बोटभर उघडी सापडली. वीस मिनिटं गेली त्यात. ते चित्र मीही त्याआधी नीट पाहिलं नव्हतं.

तोटे आहेतच. गप्पा सहा-सात मुलांत रंगतात. पंचवीस जणांत त्यांचं भाषण होतं किंवा गोंधळ. पहिला जो धीटपणे "बोअर आहे" म्हणतो, त्याच्यामागे अर्धा गट जातो, आणि ज्याला ते पुस्तक मनापासून आवडलं तो गप्प बसतो. यावर साधा उपाय: बोलण्याआधी प्रत्येकाने कागदाच्या कपट्यावर एकच शब्द लिहून मुठीत धरायचा. नंतर मत बदललं तरी चालेल, पण मूठ उघडून दाखवायची. आणि मोठ्या माणसाने आपलं मत शेवटपर्यंत गिळायचं. हे मला आजही पूर्ण जमत नाही.

तारे आणि मतदान

पटकन होतं, मोठ्या गटात चालतं, आणि यावरून मुलाच्या मनातलं जवळपास काहीच कळत नाही. मुलं एकतर सगळ्यांना पाच तारे वाटतात, नाहीतर एक तारा देतात आणि विचारल्यावर कळतं की कुत्रा मेला म्हणून. एक तारा म्हणजे पुस्तक वाईट, की पुस्तकाने रडवलं? आकडा सांगत नाही.

पुढची पुस्तकं कोणती आणायची हे ठरवायला मात्र मतदान उत्तम. नेदरलँड्समध्ये १९८८ पासून मुलांच्या मतांवर बालपुस्तकांना पुरस्कार दिले जातात. तिथे मताचा खरा उपयोग होतो, म्हणून मुलं ते मनावर घेतात.

सावध राहायचं ते बक्षिसांपासून. 'दहा अभिप्राय द्या, पदक मिळवा' छापाच्या योजना करू नका. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. नंतर मोकळ्या वेळात याच मुलांनी बक्षिसाची अपेक्षा नसलेल्या मुलांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. चित्रांचं झालं ते वाचनाचं होणार नाही कशावरून?

व्हिडिओ करून बोलण्याचा प्रकारही आहे. मोठ्या मुलांना मजा येते, पण अर्धा वेळ केस नीट करण्यात जातो, आणि चित्रण कुणाकुणाला दिसणार हा प्रश्न पालकांनी आधी सोडवायला हवा.

चिठ्ठी

गटातल्या एका मुलाने परत केलेल्या पुस्तकात एक कपटा राहिला होता. पुढच्या वाचकासाठी लिहिलेला: "पान ३० पर्यंत कंटाळा येतो. सोडू नको. कुत्रा मरत नाही, घाबरू नको." वहीत या मुलाच्या दोन ओळींपुढे कधी मजल गेली नव्हती. इथे त्याने तीन वाक्यांत कथेचा वेग, धोका आणि दिलासा सांगून टाकला. समोर शिक्षक नव्हता, दुसरं मूल होतं.

मूल मुलासाठी मत देतं तेव्हा ते किती नेमकं असू शकतं याचा जुना दाखला आहे. १९३६ मध्ये लंडनचे प्रकाशक स्टॅनले अनविन यांच्याकडे टॉल्कीन यांच्या 'द हॉबिट'चं हस्तलिखित आलं, ते त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. अभिप्रायाचा मोबदला एक शिलिंग. रेनरने थोडक्यात गोष्ट सांगून लिहिलं की पुस्तक चांगलं आहे, नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही, आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. दहा वर्षांच्या या साहेबांनी पुस्तक वाचलं, आवडलंही, पण शिफारस मात्र आपल्याहून लहानांना केली! हे आजही जसंच्या तसं चालतं, त्यामुळे मुलाने सांगितलेल्या वयोगटात दोन वर्षं मिळवून घ्यावीत.

चिठ्ठीची मर्यादा अशी की एकच पुस्तक हातोहात फिरत असेल तरच ती चालते. आणि कधीकधी शेवट फुटतो. मग भांडण होतं.

तुमच्याकडे काय चालेल

मुलं आठ वर्षांच्या आतली असतील तर वही नकोच, फक्त गप्पा, त्याही चित्रं समोर ठेवून. वर्ग मोठा असेल तर चिठ्ठ्या सगळ्यांना आणि गप्पा पाळीपाळीने सहा-सात जणांना. घरी एकच मूल असेल तर वही मुलाला न देता स्वतः ठेवा, आणि तेच पुस्तक वाचून तुम्हाला जे कळलं नाही ते त्याला विचारा. आपल्याहून मोठ्या माणसाला समजावायला मूल तहानभूक विसरतं. तारे फक्त खरेदीची यादी करताना. बारा-तेरा वर्षांच्या वाचकाला यातलं काय हवं ते त्यालाच निवडू द्या. बहुतेक वेळा तो वही मागतो, पण तुम्ही न वाचण्याच्या अटीवर.

काहीच न सांगण्याची मुभाही हवी. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यातला दहावा आहे वाचलेल्याबद्दल गप्प राहण्याचा. आमच्या गटात एक मुलगी वर्षभर कोपऱ्यात बसून ऐकत असे, वहीही कोरीच. आपली पद्धत हिच्यापुरती फसली असं मी धरून चालले होते. मग एकदा नोंदवही चाळताना दिसलं की एकच पुस्तक तिने तीनदा नेलं होतं.

चिठ्ठ्या सुरू करणार असाल तर एवढं करा: त्या मागच्या पुठ्ठ्याला पाकीट चिकटवून त्यात ठेवा, पहिल्या पानात नको. पहिल्या पानात ठेवल्या की मुलं चिठ्ठ्याच वाचतात आणि पुस्तक तसंच परत करतात.