स्टीलच्या टाकीचा सोलर: बोअरचं पाणी असेल तर जपून घ्या

पाणी मस्त तापतं, त्याबद्दल शब्द नाही, सोलापूरचं ऊन आहे म्हटल्यावर मार्चपासून तर हात पोळतो. पण वॉरंटी संपली न संपली तोच टाकी गळायला लागली आणि कंपनीचा माणूस येऊन म्हणतो, तुमचं पाणीच खराब, सॉफ्टनर बसवा. अहो सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढतो, क्लोराइड (मिठात असतं तेच) तसंच राहतं, आणि स्टीलच्या मुळावर येतं ते क्लोराइडच! आमचं बोअर मचूळ आहे मान्य, पण विकताना कुणी विचारलं का?

टाकी उतरवून ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे नेली. त्याने वेल्डजवळ लाल डाय मारला, पुसून काढला, वरून चिरेत शिरलेला डाय बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर फवारला, आणि बघता बघता वेल्डच्या कडेने लाल रेघा उमटल्या, झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेल्या. पत्रा एकदम चकाचक, गंज औषधालाही नाही.

३०४ या ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, त्याच्याच पातळ थरामुळे गंज चढत नाही. वेल्डिंग करताना वेल्डशेजारचा भाग ४५० ते ८५० डिग्रीत जास्त वेळ राहिला की कार्बन त्या क्रोमियमला पकडून स्टीलच्या कणांच्या सीमेवर जाऊन बसतो आणि सीमेलगतचा बारीक पट्टा क्रोमियम कमी होऊन उघडा पडतो, डोळ्याला काहीच दिसत नाही. तिथे क्लोराइड शिरलं, वर वेल्डचा ताण, त्यात ६० डिग्रीच्या वर पाणी, मग चीर जाणारच, नुसता जाड पत्रा घेऊन हे टळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये उस्टरला १९८५ साली स्विमिंग पूलवरचं काँक्रीटचं छत कोसळून १२ माणसं गेली, ते ज्या स्टेनलेसच्या सळयांवर टांगलं होतं त्यांना क्लोराइडनेच अशा चिरा पाडल्या होत्या, आणि तिथे तर गरम पाणीही नव्हतं.

दुकानात लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ च, असं दाखवतात त्याला भुलू नका, २०२ या हलक्या ग्रेडला पण चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. ३०४एल मध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच, म्हणून वेल्ड बरा राहतो, पण क्लोराइड जास्त असेल तर किमान ३१६एल, त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं, महाग आहे आणि तरी कायमची गॅरंटी नाहीच. नगरपालिकेचं गोडं पाणी असेल तर हाच सोलर खुशाल घ्या.

माझ्याकडून २ स्टार. आता ग्लासलाइन, म्हणजे आतून काचेचा थर दिलेली टाकी बघतोय, कुणाची बोअरवर चालू असेल तर टाकीऐवजी स्वतः झिजणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड किती वर्षांनी बदलावा लागला तेवढं सांगा.