शिलाई मशीन आणि अकरा ते पंधरा वयाची मुलं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

उन्हाळी सुट्टीत मोठ्या मुलांच्या हाताला काम म्हणून घरगुती इलेक्ट्रिक शिलाई मशीन कितपत उपयोगी पडते, त्याचा हा अनुभव. वापर सुट्टीचे सहा आठवडे जवळजवळ रोज आणि शाळा सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा-दोनदा. मशीन साधीच आहे. बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) समोरून केसमध्ये, म्हणजे त्याच्या डबीत बसवायचं, वीसेक प्रकारचे टाके, पायाचं पॅडल, वजन सहा किलोच्या आसपास.

आधी निष्कर्ष सांगतो. या वयाला शिलाई मशीन फार चांगली, मुलग्यांना आणि मुलींना सारखीच. पण ती खरी हवी. हातात धरून चालवायची बॅटरीवरची छोटी मशीन घेऊ नये. तिचा टाका एकाच दोऱ्याचा, साखळीचा असतो. शेवटचं टोक नीट अडकवलं नाही आणि ते ओढलं गेलं, की अख्खी शिवण सुटते. बारा वर्षांच्या मुलाने दोन तास खपून पिशवी शिवायची आणि पहिल्याच वापरात ती उसवायची, हे त्याच्या मेहनतीवर अन्याय करणारं आहे. या वयाच्या मुलांना लुटुपुटूची अवजारं लगेच ओळखू येतात, आणि मग मन लागत नाही.

घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, वेगावर मर्यादा घालणारी सरकपट्टी आहे का. घरगुती मशीन पूर्ण वेगात मिनिटाला ६५० ते ८५० टाके घालतात. नवशिक्याला त्याच्या निम्म्याहून कमी वेग पुरतो. सरकपट्टी नसेल तर पॅडलच्या बिजागरीत जाड स्पंजचा तुकडा अडकवावा, म्हणजे पॅडल पूर्ण दाबलंच जात नाही. दोन, नेहमीची चपट्या बुडाची घरगुती सुई बसते का, कारण सुया सतत लागतात. टाक्यांचे चाळीस-पन्नास प्रकार असलेल्या मशीनचा मोह नको. आठ महिन्यांत सरळ टाका, झिगझॅग आणि काज एवढंच लागलं. फुलापानांचे टाके पहिल्या दोन दिवसांत चिंध्यांवर घालून झाले, ते तेवढेच.

पहिला दिवस दोऱ्याशिवाय. सुई लावायची, दोरा ओवायचा नाही आणि रेघी कागदावर रेघेवरून शिवायचं. कागदावर भोकं पडतात, त्यामुळे चूक कुठे झाली ते स्पष्ट दिसतं. सरळ रेघा, मग चौकोनी वळणं, मग गोल. कोपऱ्यावर सुई खाली ठेवून प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) उचलायचा, कागद वळवायचा, फूट खाली, पुढे चालू. मुलं हमखास सुईकडे बघत राहतात आणि रेघ वाकडी जाते. नजर फुटाच्या कडेवर किंवा सुईखालच्या पट्टीवरच्या खुणेवर ठेवायची, सुई आपलं काम करते. दुसरी सवय कापड ओढायची. कापड पुढे न्यायचं काम खालच्या दात्यांचं आहे, हातांनी फक्त दिशा द्यायची. मागून ओढलं की सुई वाकते, पट्टीवर आपटते आणि मोडते. मोडली तर तिचे सगळे तुकडे सापडेपर्यंत कुणी जागेवरून उठायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. कागदावर वापरलेली सुई बोथट होते, ती कापडाला लावू नये. तिच्यावर खूण करून डबीत वेगळी ठेवावी.

दुसऱ्या दिवशी दोरा, आणि इथे एक युक्ती फार कामाची ठरली. वरचा दोरा लाल, बॉबिनमध्ये निळा, कापड पांढरं. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले तर वरच्या दोऱ्याचा ताण सैल. वरच्या बाजूला निळे ठिपके आले तर वरचा ताण जास्त. ताण कमी-जास्त करायच्या बटणावर ० ते ९ आकडे असतील तर बहुतेक सुती कापडाला ४-५ वर ठीक चालतं. एकाच रंगाचे दोरे असताना हा फरक मुलांना दिसत नाही आणि मोठ्यांनी "ताण बघ" म्हटलं तरी काय बघायचं ते कळत नाही.

आता सगळ्यात जास्त छळणारा बिघाड. मशीन सुरू केली की कापडाच्या खाली दोऱ्याचं घरटं होतं, गुंता पट्टीत अडकतो, कापड निघत नाही. गुंता खाली दिसतो म्हणून मुलं बॉबिन काढून परत बसवत बसतात. दोष जवळजवळ नेहमी वरच्या दोऱ्यात असतो. प्रेसर फूट खाली असताना दोरा ओवला तर दोऱ्याला ताण देणाऱ्या दोन चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये जातच नाही, वरून तरंगतो. ताण शून्य, म्हणून वरचा दोरा खाली ढिगाने जातो. उपाय असा: गुंता कात्रीने कापून काढायचा, ओढायचा नाही. वरचा दोरा पूर्ण काढायचा. फूट वर, सुई सगळ्यात वरच्या जागी. मग पहिल्यापासून ओवायचं, टेकअप लिव्हरच्या (वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या) नेढ्यातून दोरा गेला आहे ना हे बघायचं, आणि मग फूट खाली करून दोरा हाताने हलकेच ओढून पाहायचा. आता तो अडखळत आला पाहिजे. फूट वर असताना सरसर आणि खाली असताना अडखळत, एवढी एकच परीक्षा पाठ झाली की निम्म्या तक्रारी संपतात.

यात मोठ्यांनी पाळायचं पथ्य म्हणजे मशीन स्वतः दुरुस्त करून द्यायची नाही. घरटं झालं की मोठं माणूस खुर्चीवर बसतं, दोन मिनिटांत दोरा ओवतं आणि "हं, शिव आता" म्हणतं; मूल दर वेळी हाक मारायला शिकतं. आम्ही मशीनशेजारी एक कागद चिकटवला: आधी वरचा दोरा, मग बॉबिन, मग सुई. सुईची चपटी बाजू मागे आहे का, ती पूर्ण वर सरकली आहे का, टोक बोथट झालं आहे का. याच क्रमाने तपासायचं आणि तरी नाही सुटलं तर हाक. तिसऱ्या आठवड्यापासून हाका जवळजवळ थांबल्या. सुट्टी संपल्यावरही मशीन वापरात राहिली याचं श्रेय आम्ही त्या कागदाला देतो.

याच सुमारास बॉबिनवरचं झाकण उघडून, पॅडलवरून पाय काढून, हाताने चाक फिरवत टाका कसा पडतो ते दाखवावं. सुई खाली जाते, किंचित वर येते तेव्हा दोऱ्याचा बारीक फास होतो, हूकचं, म्हणजे बॉबिनपाशी फिरणाऱ्या आकड्याचं, टोक तो फास पकडतं आणि बॉबिनभोवतून फिरवून आणतं. नेढं सुईच्या टोकाकडे आणि खालून दुसरा दोरा, हीच जोडी एलियस हाउ यांच्या १८४६ च्या पेटंटमध्ये होती. हा फास एकदा डोळ्यांनी पाहिला की वाकडी सुई टाके का चुकवते हे समजावून सांगावं लागत नाही.

कापडाची निवड महत्त्वाची. पहिल्या महिन्यात साधं विणीचं, मध्यम जाडीचं सुती कापड, शक्यतो चौकडीचं. चौकडीमुळे कापायच्या आणि शिवायच्या रेघा आयत्या मिळतात आणि उभा-आडवा धागा डोळ्यांना दिसतो. सॅटिन घसरतं, टीशर्टचं कापड ताणतं आणि साध्या सुईने टाके चुकतात. त्याला गोल टोकाची सुई लागते. सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच कापावं, नाहीतर तयार वस्तू पहिल्या धुण्यात आटते. सुया: पातळ सुतीला ११, मध्यमला १४, जीन्सला १६. पाकिटावर याच सुया ७५, ९०, १०० अशाही लिहिलेल्या असतात. तो सुईचा व्यास आहे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे ९० ची सुई ०.९ मिलिमीटर जाड. सुमारे आठ तास शिवून झालं की सुई बदलावी.

पहिली खरी वस्तू उशीचा अभ्रा, ४० सेंटिमीटरच्या चौकोनी उशीसाठी. कापड ४३ × ९८ सेंटिमीटर, एकच तुकडा. दोन्ही अरुंद टोकं आधी १ आणि मग २ सेंटिमीटर दुमडून टीप घालायची; लांबी ९२ उरते. सुलट बाजू वर ठेवून दोन्ही टोकं आत आणायची, एकमेकांवर १२ सेंटिमीटर चढवायची, म्हणजे घडी ४० ची होते. दोन्ही बाजूंना दीड सेंटिमीटर सोडून शिवायचं, कडांना झिगझॅग, उलटवायचं. चेन नाही, बटन नाही, तासाभरात काम होतं. फसतं ते एकाच ठिकाणी. टोकं एकमेकांवर चढतात तिथे दुमडीपाशी पाच पदर येतात. प्रेसर फूट चढावर तिरका होतो, कापड पुढे सरकत नाही, टाके एकाच जागी साठतात. फुटाच्या मागच्या बाजूखाली तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवली की फूट सपाट होतो आणि सहज पार होतो. तिथेच तीन-चार टाके उलटे घ्यावेत, कारण उशी घालताना सगळा जोर त्या कोपऱ्यावर येतो.

नंतर नाडीची पिशवी. तयार माप २५ × ३०. कापड २८ × ६७, मधोमध दुमड. बाजूच्या शिवणी दोन्हीकडे वरून ७ सेंटिमीटर सोडून सुरू करायच्या. मोकळ्या कडा आत वळवून शिवायच्या, मग वरचा काठ १ आणि अडीच असा दुमडून नेफा. नाड्या दोन, प्रत्येकी ७० सेंटिमीटर, एक डावीकडून ओवायची आणि एक उजवीकडून. घाईत बाजूची शिवण वरपर्यंत नेली तर नेफ्याचं तोंड बंद होतं. ही चूक प्रत्येकाकडून एकदा होते आणि टाके नीट उसवायला शिकायची ती चांगली संधी असते. उसवताना एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका कापायचा आणि दुसऱ्या बाजूने दोरा ओढायचा. कापड फाटत नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात पायजमा. जुना, मापात बसणारा पायजमा अर्धा दुमडून, एक पाय दुसऱ्यावर ठेवून कागदावर आखायचा. कमरेचं इलॅस्टिक पूर्ण ताणून आखावं. आटलेल्या मापावर आखलं तर तयार पायजमा ढुंगणावरून वर चढत नाही. बाजूंना दीड, पायाला ४, नेफ्याला ४ सेंटिमीटर जास्त. पुढचा आणि मागचा भाग वेगळे आखावेत, मागची वक्र कड जास्त खोल आणि उंच असते. प्रत्येक भागाचे दोन तुकडे एकमेकांचं प्रतिबिंब हवेत. कापड सुलट बाजू आत घालून दुमडलं आणि दोन्ही पदर एकदम कापले की ते आपोआप होतं; एकेक कापले तर हटकून दोन्ही डावे निघतात. आधी प्रत्येक पाय वेगळा शिवायचा. मग एक पाय सुलट करून दुसऱ्या उलट्या पायात घालायचा आणि मधली वक्र शिवण पुढून मागे एका दमात, त्यावर पुन्हा दुसरी टीप. इलॅस्टिक अडीच सेंटिमीटर रुंद, लांबी कमरेपेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर कमी; नेफ्यात ओवायला ५ सेंटिमीटर जागा उघडी ठेवायची. स्वतः शिवलेला पायजमा मूल रात्री घालून झोपतं, तेव्हा या सगळ्या खटाटोपाचं सार्थक होतं.

सुरक्षिततेचं थोडक्यात: दोरा ओवताना, सुई बदलताना मशीन बंद. टाचण्या कडेला आडव्या लावायच्या आणि सुईपाशी येण्याआधी काढायच्या, त्यांच्यावरून शिवायचं नाही. केस बांधलेले. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री फिरवावी लागते आणि ती फिरवली नाही तर काम कायम अर्धवट दिसतं. पहिले काही आठवडे इस्त्रीपाशी मोठं माणूस हवंच. एका मशीनवर दोन मुलं छान चालतात, एक शिवतं आणि दुसरं आखणं-कापणं करतं. तिसरं मूल ताटकळतं. एक बैठक पाऊण तासाची ठेवावी, पुढे लक्ष ढळतं.

आठ महिन्यांत खराब काय झालं? आपोआप दोरा ओवायची आकडी दुसऱ्याच आठवड्यात वाकली, कारण सुई पूर्ण वर नसताना तिचा दांडा दाबला गेला. तिच्यावर विसंबू नये, हाताने ओवायला शिकवावं. प्लास्टिकचं एक बॉबिन तडकलं. बॉबिन सुटं घेताना मशीनच्या पुस्तिकेतलाच प्रकार घ्यावा; उंचीत मिलिमीटरभर फरक पडला तरी टाका बिघडतो. कापडाची कात्री कुणीतरी पुठ्ठ्याला लावली आणि ती धार गेली ती गेलीच. आता तिच्या मुठीला लाल फीत बांधलेली आहे. दात्यांच्या खाली कापडाचा भुसा साठून नमद्यासारखा थर झाला होता, त्यामुळे कापड अडखळत सरकत होतं. दर आठ-दहा तासांनी पट्टी काढून ब्रशने भुसा काढावा, फुंकर मारू नये, भुसा आणखी आत जातो. पुस्तिकेत सांगितलं असेल तरच हूकला शिलाई मशीनचं तेल एक थेंब, आणि मग चिंधीवर थोडं शिवून घ्यावं, म्हणजे डाग कामाच्या कापडावर पडत नाहीत.

सध्या मशीनवर नवीन वस्तूंपेक्षा दुरुस्तीचं काम जास्त असतं: दप्तराचा निसटलेला बंद, पॅन्टची उसवलेली दुमड, फाटलेला खिसा. पॅन्टची चेन बदलायचं काम अजून जमत नाही. चेनसाठीचा अरुंद फूट लावला तरी खालच्या टोकाशी टाके वाकडे जातात, आणि आधी हाताने कच्चा टाका घालण्याचा कंटाळा केला की हटकून. तोवर चेनचा सराव चिंध्यांवरच चालू आहे.